मंदाकिनीबाईंची घासलेली पेनी

परवा बराकपूरला संध्याकाळी दिवे गेले आणि श्यामरावकाका आमच्याकडेच अडकले. काका जन्मानं कलकत्त्याचे, गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालेले. शेजारची लीना लगेच म्हणाली, "काका, भुताची गोष्ट सांगा."

बाळ माझ्या मांडीवर पेंगत होतं. मी म्हटलं, "नको." मी एम.ए. झालेली बाई, भुतं मानत नाही. पण बाळाचं अंग कोमट लागलं की तीनदा थर्मामीटर लावते. माझं 'नको' कोण ऐकणार!

"भूत नाही गं," काका म्हणाले. "आमच्या ऑफिसातल्या दिगंबरला घडलेलं सांगतो. एकाहत्तर साल. तेरा नोव्हेंबर, शनिवार.

"दिगंबरला जुन्या नाण्यांची पारख. एस्प्लनेडच्या बाजारातले नाणी जमवणारे लोक त्याच्या शब्दावर पेन्या, म्हणजे विलायतेची तांब्याची नाणी, घेत. साल बघायचा, राजा कोणता ते बघायचा, झीज बघायचा. मग प्रत्येक नाणं कागदाच्या पुडीत, वर शिसपेन्सिलीनं साल, अवस्था, किंमत.

"त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो मंदाकिनीबाईंकडे गेला. आपल्यातल्याच, मराठी. नवरा बोटीवर, दर फेरीला विलायतेच्या पेन्या आणणारा. डबाभर साठल्या होत्या, त्या विकायच्या होत्या. दिगंबरनं तासाभरात सगळ्या पारखल्या. शेवटी एक हातात आली. राजाचा चेहरा लख्ख. मागे ढाल घेऊन बसलेली बाई असते ना, ती मात्र पार गुळगुळीत. हा म्हणाला, 'वहिनी, ही मोडीतच.'

"'दोन वर्षांपूर्वी कोरी होती,' बाई म्हणाल्या.

"'दोन वर्षांत पेनी अशी झिजत नाही हो!'

"'आमचा मनू झोपताना अंगठ्यानं घासायचा. ती बसलेली बाई म्हणजे आई, म्हणायचा.'

"'कुठे आहे मनू?' यानं हसत विचारलं.

"बाईंनी मान वळवली. भिंतीवर फोटो होता. हार घातलेला...

"दिगंबर ओशाळला. पण हाताला सवय. पुडीवर लिहून गेला: 'घासलेली. किंमत नाही.' बाईंनी ते वाचलं. म्हणाल्या, 'घेऊन जा.'

"रात्री दीडला त्याला जाग आली. खोलीत एकटा. पिशवीतून आवाज.

"घस... घस...

"उंदीर असेल. पिशवी झटकली. उंदीर नाही. दिवा लावला. आवाज थांबला. दिवा मालवला.

"घस...

"अगदी हळू. झोप येत आलेलं मूल असतं ना... तसं."

लीना हसली नाही. मी बाळाच्या पाठीवर हात ठेवला. श्वास चालू होता. पुन्हा ठेवला.

"उजाडताच तो पिशवी घेऊन निघाला. बाई दारातच उभ्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, 'पेनी आणलीत?' यानं पुडी उलगडून पेनी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मुठीत घट्ट धरली. म्हणाल्या, 'आठ महिने रोज रात्री आवाज यायचा. सगळे म्हणाले, वस्तू घरातून काढ, पोराला सुटू दे. म्हणून विकायला काढली. काल रात्री घर पहिल्यांदा गप्प होतं...'

"त्यांनी मूठ छातीशी धरली. मग म्हणाल्या, 'मला नाही सोडवत हो त्याला.'"

मेणबत्ती चरचरली.

"काहीतरीच काका," लीना म्हणाली; आवाज मात्र बारीक. "दिगंबरला स्वप्न पडलं असेल."

काकांनी पाकिटातून एक चुरगळलेला कागद काढला. "पुडी त्याच्याकडे राहिली. त्याला घरात ठेववेना. मला दिली."

मी ती मेणबत्तीसमोर धरली. साल होतं. 'घासलेली' होतं. त्यापुढचं 'किंमत नाही' मात्र नव्हतं. तिथे कागद घासून इतका विरला होता की पलीकडची ज्योत दिसत होती. एवढासा, लांबट गोल.

बाळाचा अंगठा तोंडात होता. तो काढून तिथे लावून बघावा, असं एकदा मनात आलं.

नाही बघितला.