गुडघ्याची दाढी

"हे कोणी केलं?"

एवढंच विचारलं त्याने. बाबांच्या पलंगाशी वाकून, हातातल्या टॉर्चचा उजेड त्यांच्या गुडघ्यावर पाडत. मी नुकतीच कॅन्टीनमधून चहा घेऊन आले होते. ती वाकलेली मान, डोक्यावरचं ते जंगल... माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? याचे केस जो कोणी कापतो, त्याला आधी अटक करा!

"मीच केलं," बाबा ऐटीत म्हणाले. "पहाटे उठून वस्तरा लावला. जन्म गेला लोकांच्या दाढ्या करण्यात. हात फिरवून बघा, एक केस लागायचा नाही."

"केस नाहीच लागत," तो म्हणाला. "पण दोन-तीन ठिकाणी कापलंय. आज ऑपरेशन होणार नाही."

चहा माझ्या हातावर सांडला.

तो डॉक्टर नव्हता. हॉस्पिटलात कुणाला जंतुसंसर्ग होऊ नये यावर नजर ठेवणारा नर्स होता. सगळा वॉर्ड त्याला 'ब्रदर' म्हणायचा. माझी जीभ मात्र काही केल्या रेटेना. त्याने ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या सरांना फोन लावला, दोन वाक्यं बोलला, आणि आमचं ऑपरेशन रद्द! मी तशीच त्याच्या मागे कॉरिडॉरमध्ये धावले.

"अहो, थांबा! नुसतं खरचटलंय. आमच्या दुकानात रोज कुणाला ना कुणाला लागतं. तुरटी फिरवली की झालं."

"त्यांच्या गालात धातू बसवायचा नसतो."

"बाबा किती महिने वॉकर ढकलतायत, कल्पना आहे तुम्हाला?"

"आहे." तो थांबला. "त्यांचा मागचा कृत्रिम गुडघा काढला, तेव्हा मी तिथेच होतो. जंतू एकदा धातूवर बसले की अंगावर चिकट थर ओढून घेतात. मग औषध आत पोचत नाही. म्हणून तो काढावा लागला. आता औषध मिसळलेला तात्पुरता सांधा घालून कसंबसं आटोक्यात आणलंय. या वेळी पुन्हा जंतू शिरले, तर कदाचित पाय कायमचा ताठ करून टाकावा लागेल. चालेल?"

कसं चालेल? आई गेल्यावर बाबांनी त्या खुर्चीमागे उभं राहून, कात्री चालवून मला वाढवलं. दुकान आता मी बघते, पण त्यांना अजून एकच ध्यास... पुन्हा स्वतःच्या पायांवर खुर्चीमागे उभं राहायचं. आणि वाद हरायला लागले की मला दुप्पट राग येतो.

"मग आधी सांगायचं ना, वस्तरा लावू नका म्हणून!"

"सांगितलं होतं. त्यांनी मानही डोलावली होती." तो पहिल्यांदाच हसला. "त्यांना वाटलं असणार, हे बाकीच्यांसाठी आहे. कारागिराला कोण शिकवणार?"

अगदी खरं होतं ते. म्हणून तर मी आणखी चिडले.

जखमा भरेपर्यंत आम्हाला घरी पाठवलं. दोन दिवसांनी बघते तर स्वारी दुकानाच्या दारात! "इकडूनच चाललो होतो. म्हटलं, जखमा बघाव्यात."

हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. इकडून कुठे चालला होता, देव जाणे.

"बघा की," आतल्या खोलीच्या दारात बसलेले बाबा म्हणाले. "गुडघा इथे आहे. तुम्ही मघापासून आरशातच बघताय."

आरशात मी होते. माझ्या हातातला कंगवा खाली पडला. बाबांना ना, कधी कुठे काय बोलावं याचा पाचपोचच नाही!

गुडघा बघून झाल्यावर मी खुर्ची फिरवली. "बसा. हे डोकं घेऊन दुकानाबाहेर पडलात तर आमची अब्रू जाईल."

तो निमूट बसला. केस ओले केल्यावर त्याच्या मानेवरून पाण्याचा एक थेंब घरंगळला, आणि मी उगाचच तो टॉवेलने टिपला. रोज शंभर माना टिपते मी, पण त्या दिवशी टॉवेल जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

"तुम्ही लोकांना नेहमी असंच घाबरवता?"

"आवडत्या पेशंटना जरा जास्त."

"आणि त्यांच्या नातेवाइकांना?"

त्याने आरशातली नजर खाली वळवली. पण कानामागचे केस कापताना कान लाल झालेले लपत नाहीत. मी मुद्दाम हळूहळू कापले.

मग तो येतच राहिला. ऑपरेशनच्या आधी औषधी साबणाने पाय कसा धुवायचा ते त्याने दाखवलं, मी बाबांच्या पायाला दुसरं काही लावू दिलं नाही. शेवटी ऑपरेशन झालं. मी बाहेर येरझाऱ्या घालून घालून चपलेचा अंगठा तोडला. तो मास्क खाली ओढत बाहेर आला.

"नवीन गुडघा बसला. सांध्याच्या आतल्या मांसाचे पाच छोटे तुकडे तपासायला पाठवलेत. त्यात जंतू उगवतात का, ते बघायचं. दोन आठवडे लागतील."

"दोन आठवडे? अहो, मी दोन मिनिटं एका जागी बसत नाही!"

"बघतोय ना मी," तो म्हणाला. "सगळा वॉर्ड बघतोय."

ते दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक. एका गिऱ्हाइकाच्या मिशा एकीकडे जास्त कापल्या. झाडलेलंच दुकान पुन्हा झाडलं. बाबांच्या कपाळाला उठता-बसता हात लावून बघायची, ताप नाही ना? शेवटी ते खेकसले, "इस्त्री आहे का मी, सारखी हात लावून बघतेस!" आणि रोज संध्याकाळी फोन वाजायचा.

"अजून काही उगवलं नाही."

"दुसरं काही बोलता येतं की नाही तुम्हाला?"

"येतं..." त्याने घसा खाकरला. "पण रिपोर्ट येऊ दे. आज बोललो, आणि उद्या वाईट बातमी मलाच सांगावी लागली, तर माझं तोंड बघवणार नाही तुम्हाला."

शहाणाच आहे! अर्धं बोलायचं आणि माझी झोप उडवायची. आता मला दोन गोष्टींची धास्ती, आणि दोन्ही त्या एका रिपोर्टवर.

आणि एका संध्याकाळी फोन आलाच नाही. तो स्वतः आला. दुकान रिकामं होतं. आत न येता उंबरठ्यावरच उभा राहिला, आणि मी समजले.

"पाचांतल्या एका तुकड्यात उगवलं," तो म्हणाला. "चार स्वच्छ आहेत. सर म्हणतात, एकातच आहे म्हणजे तपासणीत बाहेरून शिरलेलं असू शकतं. पण खरंही असू शकतं. तीन महिने गोळ्या द्यायच्या आणि लक्ष ठेवायचं. सरांनी उद्या बोलावलंय, तेव्हा ते सांगतीलच. पण आज फोनवर 'काही नाही' म्हणणं मला जमलं नसतं." त्याने मान खाली घातली. "येतो मी."

बाबांचा पाय, बाबांची खुर्ची, सगळं डोळ्यांपुढे फिरलं. रडूच आलं मला, अगदी धबधबा. पण त्याने पाठ फिरवली आणि मी भडकले.

"कुठे निघालात? रिपोर्ट आल्यावर काहीतरी बोलणार होतात ना?"

"चांगला आला असता तर..."

"चांगल्या रिपोर्टशी बोलायचं होतं, की माझ्याशी?"

तो वळला. डोळे भरलेले. "तुमच्याशी. मला तुम्ही फार आवडता. पहिल्या दिवशी भांडलात ना... तेव्हापासून."

"मग इतके दिवस कशाला छळलंत?" मी ओढणीने नाक पुसलं. "मलाही आवडता तुम्ही. गोड बोलून खोटं सांगणारे ढीगभर भेटतात. चला आत. बाबांना सांगायचंय. आधी रिपोर्टचं."

तो बाबांच्या पलंगाशेजारी बसला आणि एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले. बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिले.

"म्हणजे हा टिकेल की नाही, तुम्हाला माहीत नाही."

"नाही. पण सूज, ताप, लाली, काहीही दिसलं तर लगेच कळलं पाहिजे. मी रोज येऊन बघत जाईन."

"रोज?" बाबांनी भुवया उंचावल्या. "असं मोठ्या सरांनी सांगितलंय?"

तो गडबडला. माझ्याकडे बघायला लागला.

"नाही बाबा," मी म्हणाले. "मी सांगितलंय."