भुंग्याचा खोकला

शेकोटीत लाकूड सारा जरा, आणि ते मोबाईल खाली ठेवा. नवनाथचं विचारताय ना? सांगतो. पण मध्ये कुणी हसायचं नाही.

नवनाथ माझा शेजारी. चाकण-तळेगाव रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये तो लोकांची कुत्री सांभाळायचा. वाकड-रावेतची माणसं गावाला जाताना ठेवून जायची. एक दिवस तो भुंग्याचं औषध आणायला निघाला, मीही मोटरसायकलवर मागं बसलो. भुंगा म्हणजे वाकडच्या अरुंधतीबाईंचा काळा कुत्रा. त्याला खोकला लागला होता, घशात हाड अडकल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले, "हा एकाचा दुसऱ्याला लागतो. वेगळा ठेवा. गळ्यात पट्टा नको, छातीचा बांधा. वाफ द्या. बरा होईल."

केलं सगळं दीपमालानं, नवनाथच्या बायकोनं. न्हाणीघरात गरम पाण्याची बादली ठेवून ती त्याला मांडीवर घेऊन वाफेत बसायची. मऊ भात भरवायची. भुंगा सुधारतही होता. पण शेडमधली आणखी दोन कुत्री खोकायला लागली आणि नवनाथचं डोकं फिरलं. बोभाटा झाला तर धंदा बुडणार.

पौषातली अमावास्या, शुक्रवारची रात्र. दीपमाला झोपल्यावर त्यानं भुंग्याला कुत्री न्यायच्या टेम्पोत घातलं. दवाखान्यात चाललोय असं वाटून तो बिचारा शेपूट हलवत चढला. बंद पडलेल्या दगडखाणीवर नेऊन नवनाथनं त्याच्या पायाला धोंडा बांधला आणि खाणीत साचलेल्या पाण्यात त्याला ढकललं. बायकोला सांगितलं, पळून गेला.

हे मला त्यानंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, माझ्या ओट्यावर बसून.

"काका, परत येताना गाडीत मागं खोकला ऐकू आला. थांबून बघितलं, कुणी न्हाई. शेडात शिरलो तर सगळी कुत्री गप. भिंतीला चिकटून उभी... माझ्यापासनं लांब. आन आता मलाच..."

आणि तो खोकला. घशात हाड अडकल्यासारखा.

मी म्हटलं, "दीपमालाला खरं सांग. उद्या भुंग्याला बाहेर काढ आणि नीट पूर."

"मेलेल्या कुत्र्याला काय भ्यायचं?" म्हणाला.

त्या रात्री दीपमालानंच त्याच्यासाठी बादली भरली. "अवं, वाफ घ्या, मोकळं व्हईल." त्यानं आतून कडी घातली.

ती दाराबाहेर बसून ऐकत होती. तो खोकला. थांबला.

मग दुसरा खोकला आला. खालून. फरशीजवळून.

"अवं, कोण हाय आत?"

पुन्हा दोन्ही खोकले. एकाआड एक. मग एकच.

तो नवनाथचा नव्हता.

ती किंचाळली तसा मी धावलो. दार मीच मोडलं. बादलीतून वाफा निघत होत्या. नवनाथ फरशीवर पडला होता. बर्फासारखा गार. केसांत हिरवं शेवाळ. आत दुसरं कुणी नव्हतं...

दीपमाला त्याच्याकडं बघत नव्हती. आरशाकडं बघत होती. आरशावर वाफ धरली होती. त्यात कुत्र्याच्या ओल्या नाकाचा एक ठसा. माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

वाफ विरली. आरसा कोरडा झाला. ठसा...

परवाच हात लावून बघितला मी.

ओला आहे.