नायट्रो ट्रक आणि पोकळ बांध

"ओढ, साईदादा! अजून जोरात ओढ!"

साईराजने इंजिनाची दोरी खस्सकन ओढली. खर्र... खर्र... आणि तिसऱ्या झटक्याला ट्यांऽऽव! कानठळ्या बसवत ट्रक जागा झाला. तसा तो रिमोटवरचा, खेळण्यातलाच. पण त्याला खेळणं म्हणायला जीभ धजत नव्हती. दीड हात लांबी, नारळाएवढी चाकं आणि पोटात खरंखुरं इंजिन! बॅटरीवर नव्हे, नायट्रो नावाच्या इंधनावर चालणारं. रिमोटचा घोडा दाबला की निळसर धूर सोडत तो असा सुटायचा की बघणारे दोन पावलं मागे सरायचे.

जोहे गावातल्या हिरामणच्या गणपती कारखान्यापुढचं अंगण पोरांनी गच्च भरलं होतं. दारात हिरामणची मुलगी भाविका उभी होती. तेरा वर्षांच्या भाविकाच्या हातात पॉलिश पेपर होता आणि पोटात निखारा.

साईराज तिचा आत्तेभाऊ. तिच्याच वयाचा, रोह्याचा. मे महिन्याच्या सुट्टीत आला तो पुण्याच्या काकांनी दिलेला हा ट्रक घेऊनच. चार दिवसांत सगळं गाव त्याचं झालं! भाविकाचा धाकटा भाऊ प्रणित आजवर तिच्या मागे मागे असायचा. तो आता साईदादाची पिशवी सांभाळत फिरत होता. आणि बाबा? ऐन हंगामात जेवायलासुद्धा न उठणारे बाबा रंगाचे हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!"

रंग फवारायचा काँप्रेसर बंद पडला की तो भाविका चालू करायची. तेव्हा बाबा एवढंच म्हणायचे, "झाला? चल, रंग काढ."

"हा सुईचा स्क्रू," साईराज ऐटीत सांगत होता, "उजवीकडे फिरवला की इंजिनात इंधन कमी जातं. फार कमी गेलं तर इंजिन तापून बंद पडतं. म्हणून कुणी हात लावायचा नाय!"

भाविका ऐकत होती. खरं तर ती इंजिनच ऐकत होती. इंधन जास्त होत होतं आणि ते अडखळत, खोकत चाललं होतं. ते साईराजला कळतच नव्हतं! आणि तरी सगळे त्यालाच डोक्यावर घेऊन नाचत होते.

दुसऱ्या दिवशी खाडीच्या बांधावर ट्रकची मोठी चाचणी ठरली. सकाळी साईराज आंघोळीला गेला तेव्हा पडवीत कुणी नव्हतं. भाविकाने इकडे तिकडे पाहिलं, छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सुई उजवीकडे फिरवली. चांगला अर्धा फेरा.

"पडू दे बंद," ती पुटपुटली. "सगळ्यांसमोर!"

गावाच्या पश्चिमेला खाडी. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तिथे मातीचा लांबच लांब बांध होता. दोन महिन्यांपूर्वीच हैबतराव ठेकेदाराने त्याची डागडुजी केली होती. वरून बांध कसा गुळगुळीत दिसत होता!

"तीन, दोन, एक!" प्रणित ओरडला.

ट्रक सुटला. पण भलतंच झालं! इंधन कमी पडताच इंजिन आधी किंचाळायला लागलं आणि ट्रक कधी नव्हे एवढ्या जोरात पळाला. पोरं टाळ्या पिटत नाचू लागली. भाविकाने ओठ चावला. बंद पाडायला गेले, आणि हा तर उलट हिरो झाला!

तेवढ्यात आवाज तुटला. भरधाव ट्रक बांधावरून कलंडला, उतारावर दोन कोलांट्या खाऊन खचकन नाकावर रुतला.

सगळ्यांत आधी धावली ती भाविका. आता तिला भलतीच धडकी भरली होती. तिने मागचं चाक धरून ओढलं. चाकाबरोबर फाटकं पोतं बाहेर आलं, आणि त्यातून थर्माकोलचे पांढरे दाणे भुरभुरले.

"हे काय?" साईराज म्हणाला.

"आई गं!" पलीकडे प्रणित किंचाळला. त्याचा पाय गुडघ्यापर्यंत बांधात गेला होता. त्याला ओढून काढलं तर भोकातून प्लास्टरचे तुकडे गडगडत आले. त्यात एक लहानसा हात होता, मोदक धरलेला, अंगठा तुटलेला.

भाविकाचे डोळे विस्फारले. "हा आमच्या कारखान्यातला हात आहे! हा अंगठा माझ्याच हातून मोडला होता, शिमग्याच्या आधी. मोडकी मूर्ती आम्ही कचऱ्यात टाकली होती."

"मग इथे कशी आली?"

"आमचा कचरा हैबतराव फुकटात उचलून नेतात." बोलता बोलता तिच्या लक्षात आलं. "साईराज, या बांधात मातीच नाय! वरून चिखलाचा हात फिरवलाय नुसता!"

अमावास्या आठ दिवसांवर होती. अमावास्येला भर दुपारी खाडीला उधाण येतं. बांध फुटला तर सगळं शेत खारं होणार आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे भाताची काडीसुद्धा उगवणार नाही!

पोरं धावत कारखान्यात आली. नेमके हैबतराव तिथेच चहा पीत बसले होते. तो हात पाहून ते खो खो हसले. "अरे हिरामण, पोरखेळ रे! इथूनच उचलून नेला असंल. आणि एखादं पोतं चुकून गेलं असंल बांधात. त्याचं काय एवढं?"

बाबांचा चेहरा उतरला होता. कचरा त्यांचाच होता. तो कुठे जातो हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ते भाविकावरच उखडले. "साईराज पाहुणा हाय. तुला अक्कल नको? बांधावर नाचायला कुणी सांगितलं होतं?"

पुन्हा तेच! ट्रक त्याचा, आणि बोलणी हिला!

दुसऱ्या दिवशी ते भोक चिखलाने लिंपलेलं होतं आणि हैबतरावांचा माणूस गोविंदा काठी घेऊन बांधावर बसला होता. "पोरांनी इकडं फिरकायचं नाय!" तो लांबूनच ओरडला.

"परवा इंजिनिअर मॅडम येणार आहेत बांध बघायला," प्रणितने बातमी आणली. "पण हैबतराव त्यांना पक्क्या दगडी भागाकडेच नेणार. मग लगेच त्यांच्या घरी जेवण!"

साईराजला एकदम कल्पना सुचली. "आपल्याला बांधावर जायला बंदी आहे. ट्रकला कुठे आहे? शेतात लांब उभं राहून आपण ट्रकनेच बांध उकरायचा. मॅडमच्या डोळ्यांदेखत!" मग त्याचा आवाज एकदम पडला. "पण ट्रक चालूच होत नाही. इंधन पेटवणारा ग्लो प्लग जळलाय. माझ्याकडे आता एकच उरलाय. तोही जळला तर संपलं. आणि पहिला का जळला तेच कळत नाही. सुई मी बरोबर लावली होती!"

भाविकाला गप्प राहणं किती सोपं होतं! कुणालाच कळलं नसतं. पण दुसरा प्लगही जळला असता.

"सुई मी फिरवली," ती म्हणाली.

"काय?"

"मीच. तुझा ट्रक बंद पडावा म्हणून. मला बघवत नव्हतं."

साईराजचा चेहरा लालबुंद झाला. "जळकी कुठली!" म्हणत तो ताडकन उठला आणि निघून गेला. प्रणितही ताईकडे रागाने बघत त्याच्या मागे पळाला. भाविका कारखान्यात जाऊन एकाच मूर्तीचा पाट इतका घासत बसली की शेवटी आईने पॉलिश पेपर काढून घेतला.

दुपार टळली तेव्हा समोर सावली पडली. साईराज ट्रक काखेत घेऊन उभा होता.

"इंजिन बरोबर नाही हे तुला कसं कळलं होतं?" त्याने घुश्शातच विचारलं. "प्रणित सांगत होता, पहिल्याच दिवशी तू त्याला म्हणालीस की ते खोकतंय."

"ऐकू येतं की!"

"मला नाही येत," तो फटकन म्हणाला. "मला नुसता मोठा आवाज ऐकू येतो. काका म्हणतात कानाने सुई लाव. मी लावल्यासारखं करतो. आणि तू नुसतं दारात उभी राहून ओळखतेस! मला काय कमी राग आला असेल तुझा?"

भाविका चमकली. याला माझा हेवा?

"मग लाव सुई," ट्रक पुढे करत तो म्हणाला. "आणि बोलू नकोस. मी अजून रागावलेलोच आहे."

दोघं कामाला लागली. मागच्या चाकांना भाविकाने पत्र्याच्या वाकवलेल्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या, म्हणजे चाकं चिखल उकरत जातील. ट्रकवरचा भडक रंगाचा सांगाडा काढून ठेवला. तेवढंच वजन कमी. रिमोटचा संदेश पकडणाऱ्या डबीत पाणी जाऊ नये म्हणून प्रणितने ती फुग्यात घालून गाठ मारली. मग उरलेला एकुलता प्लग लावून साईराजने दोरी ओढली.

भाविकाने डोळे मिटले आणि सुई थोडी डावीकडे घेतली. इंजिन खोकलं. केसभर उजवीकडे. आवाज मोकळा झाला. तिने इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला. चर्र करून लगेच उडाला तर इंजिन जास्त तापलंय.

"एक... दोन... तीन..." तिघंही मोजत होती. चार म्हणता म्हणता थेंब हळूच आटला.

"जमलं!" साईराज ओरडला. आपण रागावलोय हे तो साफ विसरला होता.

शुक्रवारी सकाळी दहाला मॅडमची जीप आली. लिंपलेल्या जागेजवळून त्यांना दगडी भागाकडे नेताना हैबतराव हात जोडून पुढे पुढे करत होते. "या, या, हा सगळा बांध असाच पक्का हाय बघा!"

शेतात पेंढ्याच्या उडवीआडून ट्यांऽऽव आवाज झाला. नांगरलेली ढेकळं उडवत ट्रक बांधाकडे झेपावला.

"ए! थांबवा ते!" हैबतराव किंचाळले. गोविंदा काठी उगारून धावला. साईराजने ट्रक डावीकडे वळवला, काठी जमिनीवर आपटली. उजवीकडे वळवला, गोविंदा पाय घसरून बदकन बसला! पण तेवढ्यात ट्रक तोंड फिरवून पोरांच्या दिशेने आला आणि साईराज गोंधळला. समोरून येणाऱ्या ट्रकला डावं-उजवं उलटं होतं!

"मला उलटं जमत नाही! भाविका, धर!"

रिमोट तिच्या हातात आला. तिने ट्रक गर्रकन फिरवला, थेट लिंपलेल्या जागेवर नेला आणि घोडा पूर्ण दाबला. पत्र्याच्या पट्ट्यांची चाकं जागच्या जागी भिरभिरली. चिखल उडाला, पोतं टरकन फाटलं आणि थर्माकोलच्या दाण्यांचा पांढराशुभ्र फवारा थेट मॅडमच्या अंगावर! हैबतरावांच्या मिशाही पांढऱ्या झाल्या.

मॅडमनी खांद्यावरचा एक दाणा उचलून निरखला. "हैबतराव, ही कुठली माती?"

"ते... उंदरांनी आणलं असंल, मॅडम..."

"उंदरांनी नाय!" मागून आवाज आला. रंगाने माखलेले हिरामण चालत पुढे आले. "कचरा माझ्या कारखान्यातला हाय. कुठं जातो ते मी विचारलं नाय, ही माझी चूक. पोरं खरं सांगत होती. मीच ऐकलं नाय."

त्याच दिवशी बांध ठिकठिकाणी उकरून बघितला. चाळीस पावलांचा पट्टा नुसता पोत्यांवर उभा होता! मॅडमनी तिथेच हैबतरावांचं काम थांबवलं आणि चौकशी लावली. मग पाच दिवस सगळं गाव राबलं. चिकणमाती आली, दगड आले, हिरामणने कारखाना बंद ठेवून स्वतः घमेली वाहिली.

अमावास्येला दुपारी खाडी फुगली. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याखाली वीतभर अंतरावर आलं, तिथे बराच वेळ धडका देत राहिलं, आणि हळूहळू उतरू लागलं. शेतं कोरडी ती कोरडीच!

"ती गाडी तुझीच ना रे?" उधाण बघायला आलेल्या मॅडमनी साईराजच्या पाठीवर थाप मारत विचारलं. "शाबास! तुझ्यामुळे गाव वाचलं."

साईराजने चटकन भाविकाला पुढे ओढलं. "गाडी माझी, पण इंजिन हिने नुसत्या कानाने लावलं. बांध उकरला तोही हिनेच."

"आणि आधी बिघडवलं पण मीच," भाविका एका दमात बोलून गेली. "हेव्यापोटी. म्हणून तर ट्रक त्या जागी रुतला."

माणसं चपापली. मॅडम तिच्याकडे वळल्या. "काम चुकीचं केलंस. पण ते आपणहून सांगायला मोठ्यांनाही जमत नाही. दहावीनंतर मला येऊन भेट. असे कान असलेली माणसं आम्हाला हवीच असतात."

हिरामणने सगळ्यांदेखत लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी पोर हाय ही," ते एवढंच म्हणाले, पण बांधभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

घरी परतताना साईराजने हळूच विचारलं, "अजून जळतेस का माझ्यावर?"

"थोडीशी," भाविका म्हणाली. "आणि तू?"

"थोडासा."

दोघं एकमेकांकडे बघून खो खो हसली आणि शेताच्या बांधावरून घराकडे पळत सुटली.