ओला चुना

रोममधल्या पॅन्थिऑनच्या घुमटाखाली डॉ. केदार मोघे भिंतीत खुपसलेल्या श्रुतिशलाकेचं यंत्र कानाला लावून उभे होते. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा कुणी गवंडी त्यात खोकला आणि कुणावर तरी खेकसला. मोघ्यांना भलतीच गंमत वाटली.

"म्हणजे चुना सगळं ऐकतो, वहिनी?"

"सगळं नाही, भाऊजी," अनघा कारखानीस म्हणाली. "ओला चुना हवेतला कर्बवायू शोषून घट्ट होतो. पहिले सहा तास त्यात स्फटिक वाढत असतात. भोवतालच्या आवाजाने ते किंचित हलतात आणि तसेच गोठतात. आम्ही याला चुनास्मृती म्हणतो. सहा तासांनंतर मात्र काही ठसत नाही."

"आणि सिमेंट?"

"ठार बहिरं. ते तापत, घाईघाईने आवळतं. त्यात आवाजाचा नुसता चिखल होतो."

मोघ्यांचा चेहरा मोकळा झाला. अनघाने ते टिपून ठेवलं.

अकरा वर्षांपूर्वी मोघे आणि अनघाचा नवरा मंदार रोममध्येच नदीकाठच्या एका लहानशा प्रार्थनाघराची कमान दुरुस्त करत होते. कमान कोसळली ती मंदारला घेऊनच. चुन्याचं मिश्रण मंदारनेच बिघडवलं, अशी साक्ष मोघ्यांनी दिली, आणि या शहरात मंदारचं नाव हलगर्जीपणाचा दाखला म्हणून शिकवलं जाऊ लागलं. मोघे एकेका समितीवर चढत गेले. अनघाने रोम सोडलं नाही. कमानीच्या उरलेल्या बुंध्यात तिला सिमेंट सापडलं, तेही चार वर्षांपूर्वीच. पण तेही मंदारनेच घातलं म्हणायला मोघे मोकळे होते. तिने दात आवळून तोंड बंद ठेवलं होतं, ते या माणसाच्या तोंडून ऐकायचं म्हणून.

आज जुन्या वास्तूंच्या जतन समितीचे अध्यक्ष होऊन आलेल्या मोघ्यांना तिने कलोसियम दाखवलं, ट्राजनची बाजारपेठ दाखवली, हौसेने त्यांचे फोटो काढले. दुपारी साडेबाराला ती त्यांना त्या प्रार्थनाघरात घेऊन आली. ब्रूनो नावाचा म्हातारा गवंडी कोपऱ्यात पावाचा तुकडा चघळत बसला होता.

"उद्या समितीसमोर या बुंध्यात श्रुतिशलाका घालणार आहे," अनघा म्हणाली. "कमान बांधताना तुम्ही दोघं काय बोललात, ते सगळ्यांना ऐकू येईल."

मोघ्यांनी हात पुढे केला. "आधी तुमचा फोन आणि पिशवी द्या." तिचा आणि स्वतःचा फोन बंद करून, पिशवी झाडून त्यांनी सगळं बाहेर ठेवलं. ब्रूनोकडे एक नजर टाकली. मराठीत बोललं की या शहरात कुणाची भीती नाही, ही त्यांची विद्यार्थिदशेपासूनची खात्री होती.

"खुशाल घाला, वहिनी. तिथे चुना नव्हताच."

"काय होतं मग?"

"सिमेंट. उद्घाटन आठ दिवसांवर आलेलं, आणि तुमचा चुना महिना महिना घेणार. मंदार दोन दिवस फ्लॉरेन्सला गेला, तेवढ्यात मी काम उरकलं. सिमेंट फार कडक निघालं, जुन्या मऊ विटा फुटल्या. परत आल्यावर त्याला संशय आला, तपासायला वर चढला."

"तुम्ही अडवलं नाहीत?"

"अडवलं असतं तर सांगावं लागलं असतं. आणि नंतर काय, मेलेल्या माणसाचं नाव गेलं तर त्याचं काय बिघडतं?"

अनघाच्या तळहातात नखं रुतली. या माणसाचा तिला पराकोटीचा तिरस्कार वाटला.

मोघे निवांतपणे भिंतीला टेकले आणि दचकून सरळ झाले. कोटाच्या खांद्यावर ओलसर, गार काहीतरी लागलं होतं. त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

"हा गिलावा ओला आहे?"

"ब्रूनोने सकाळी दहाला लावला. नवा दिसू नये म्हणून जुन्या विटांची पूड घालून."

मोघ्यांनी भिंत खरवडायला हात उचलला. ब्रूनो थापी घेऊन उभा राहिला.

"कुठली कुठली खरवडाल?" अनघा म्हणाली. "चारही ओल्या आहेत. आणि अजून साडेतीन तास आहेत, भाऊजी. आणखी काही सांगायचं राहिलं असेल तर सांगा."