वसुंधरेनं रोखलेला श्वास

बसा पोट्टेहो, लाइट काही इतक्यात येत नाही. अन् हसाचं नाही, हा देवराव खोटं सांगत नसते. नरहरी माझ्या शेजारच्या क्वार्टरातला, मरोद्याले, तिकडं हिंदी मुलखात. दवाखान्यात एक्स-रे काढे.

शहाऐंशी सालची संक्रांतीची रात्र. घरोघरी तिळगूळ, याच्या घरी चूल थंडी. अकराच्या सुमारास बोलावणं आलं. जवळच्या जामुल गावचा एक मजूर आणला होता, शालिकराम. गुठळी अडकून पोटातली नस बंद झालेली. डॉक्टर मांडीतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढणार होते, त्याच्याआधी फोटो पाह्यजे. नरहरीनं मफलर बांधला, सायकल काढली.

तेच दुखणं, तेच टेबल. दिवाळीच्या आधी त्याची बायको वसुंधरा तिथंच झोपली होती. फोटोत पोट हलू नये म्हणून श्वास रोखाले सांगतात, बटन दाबलं का सोडाले सांगतात. नरहरी तिले म्हणाला, रोख. बटन दाबलं. अन् फिल्म लवकर धुवावी, डॉक्टरले दाखवावी, बायको वाचवावी, या घाईत तसाच डार्करूमकडे पळाला. सोड म्हणाचं राहूनच गेलं. ओली फिल्म घेऊन परत आला तं ती गेलेली.

डॉक्टरनं लाख समजावलं का आतडं आधीच काळं पडलं होतं, तुझा दोष नाही. पण नरहरी म्हणे, माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेली नाही हो, रोखूनच बसली असंल. अन् ढसाढसा रडे. रात्री दिवा विझवला का बाजूच्या खाटेवर कोणी दम धरून पडलं आहे, असं त्याले वाटे. भेव नाही वाटे. तेवढीच त्याची संगत.

तं त्या रात्री डॉक्टर हात धुवाले गेले. खोलीत दोघंच. टेबलावर शालिकराम, अन् किरणं अडवणाऱ्या जाड काचेमागं नरहरी.

"साँस रोको." बटन. लगेच, "छोड़ो."

शालिकरामनं सोडला.

पण खोलीत... अजून कोणी रोखून होतं. अंधारात कोणी दम धरून उभं असलं का कळते ना आपल्याले? तसं.

शालिकराम हळूच म्हणाला, "साहब, बाई को भी बोल दो... कब से रोकी है."

खोलीत बाई नव्हती.

नरहरीनं काचेतून टेबलाच्या बाजूले पाह्यलं. सोड म्हटलं तं ती जाईल... खरीच जाईल. मंग ती बाजूची खाट रिकामी.

"वसू," तो म्हणाला. "सोड आता... थकली असशील."

...

लांब. लई लांब श्वास.

मंग काहीच नाही.

शालिकरामची गुठळी निघाली. आपल्या पायानं जामुलले गेला तो.

पण त्या रात्री काचेवर, टेबलाच्या बाजूनं, वाफेचा एक गोल उमटला होता. नरहरीच्या हनुवटीच्या उंचीवर. शालिकराम तं तिकडं सलाइन लावून आडवा. नरहरीनं अलीकडून तळहात ठेवला. संक्रांतीची थंडी होती, पोट्टेहो... अन् काच कोमट होती.