पहिल्या भाषेचा ठसा

मालदीवची बेटं बुडाल्यावर तिथली माणसं सह्याद्रीच्या पठारावरच्या नवमाथा शहरात आली, त्याला बारा वर्षं झाली होती. यंदाच्या निवडणुकीत एकच प्रश्न गाजत होता: यांतल्या कुणाला राहू द्यायचं? कागदपत्रं खोटी निघत, म्हणून सत्ताधारी पक्षाने ‘आदिध्वनी चाचणी’ आणली. कायद्याचा मसुदा शलाका उकिडवे लिहीत होती.

“माणूस भाषा विसरतो, मेंदू विसरत नाही,” चाचणी शोधणारे डॉ. मिराशी तिला समजावत होते. “पहिल्या दोन-तीन वर्षांत जी भाषा सर्वांत जास्त कानांवर पडते, तिचे सूर मेंदूत वाट पाडतात. ते पुन्हा ऐकवले की ती वाट पडद्यावर उजळते. हाच आदिध्वनी. तो मराठी नसेल, तर माणूस बाहेरचा. फक्त घरकाम करणाऱ्यांना सूट ठेवा. निम्मी घरं त्यांच्यावर चालतात.”

शलाकाही तेच लिहिणार होती. तिच्या लेकीला, निहिराला, जन्मापासून मालदीवहून आलेली आमिनाथच सांभाळत होती.

त्या संध्याकाळी शलाका फाटकातून आत शिरली, तेवढ्यात निहिरा धावताना पडली. शलाकाने हात पसरले. मुलगी तिला वळसा घालून आमिनाथच्या कुशीत शिरली. आमिनाथ धिवेहीत, आपल्या बेटांवरच्या भाषेत, काहीतरी पुटपुटली आणि रडता रडता निहिरा खुदकन हसली.

“काय म्हणालीस तिला?”

“काही नाही ताई. दगडाला रागावले.”

शलाकाचा नुसता जळफळाट झाला. असं हसू तिच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. तिने घरकाम करणाऱ्यांना सूट देणारं कलम खोडलं आणि लिहिलं: ‘तीन वर्षांवरील प्रत्येकाची चाचणी. अपवाद नाही.’ मंत्र्यांना ते फार आवडलं.

कायदा लगेच मंजूर झाला आणि महिन्याभराने चार वर्षांच्या निहिराची चाचणीची पाळी आली. मराठी ऐकवली तेव्हा पडद्यावर जेमतेम उजेड दिसला. धिवेहीला पडदा लखलखला.

“ती माझी मुलगी आहे, डॉक्टर! इथं जन्मलीय!”

“यंत्र जन्म विचारत नाही, मॅडम. दिवसभर तिच्याशी कोण बोलत होतं, एवढंच सांगतं.”

तिने मंत्र्यांना फोन लावला.

“शलाकाताई, मतदानाला अठरा दिवस उरलेत. आपल्याच माणसाला सूट दिली तर विरोधक मला फाडून खातील. निकालानंतर बघू.”

तोवर निहिराला बाहेरच्या ठरलेल्यांच्या छावणीत राहावं लागणार होतं. लहान मुलासोबत त्याच आदिध्वनीचं मोठं माणूस हवं, असा नियम होता. आमिनाथचं नाव छावणीत जाणाऱ्यांच्या यादीत होतंच. शलाकाला तिच्यापुढे हात जोडावे लागले.

“तिला रडू देणार नाही, ताई,” आमिनाथ म्हणाली. शलाकाला तेही झोंबलं.

छावणीच्या दारातून दोघी आत गेल्या. शलाकाने जिवाच्या आकांताने हाक मारली. निहिराने वळून पाहिलं, मग आमिनाथचा पदर ओढून तिला धिवेहीत काहीतरी विचारलं. त्यातला एक शब्दही शलाकाला कळला नाही.