साडेदहाची चाळीस सेकंदं

तो पहिल्यांदा वर आला तोच मुळी भिजलेला आणि चिडलेला.

"कोणी बंद पाडलं?"

केर्तुचा नोकरीचा तो दुसरा दिवस. तुर्कू बंदराच्या धक्क्यावरच्या त्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर ती एकटीच बसायची. बेटांवर जाणाऱ्या बोटींच्या जागा ज्या सर्व्हरवर राखल्या जात, तो आदल्या माणसाने नोकरी सोडताना तिच्या गळ्यात मारला होता.

"मी नाही… तो आपोआप पडला."

"आपोआप! खाली माझ्या खिडकीसमोर तीस माणसं पावसात उभी आहेत. त्यांना जाऊन सांग, आपोआप म्हणून."

"तूच सांग ना. तुझा चेहरा माझ्यापेक्षा बिचारा दिसतोय."

त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं, ओल्या बाहीने तोंड पुसलं – आणि बाही खाली आली तेव्हा तो हसत होता. तिकीट खिडकीवरचा ओत्सो तो हाच.

सर्व्हरचा आजार जुना होता. सकाळी सहाला बुकिंग सुरू झालं की त्याची मेमरी भरत जायची आणि अकराच्या आसपास तो मान टाकायचा. केर्तुने महिनाभर डोकं फोडून घेतलं. सर्व्हरचा प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला, आणि त्या भाषेचा कारभार मोठा रुसव्याफुगव्यांचा. दुसऱ्यांनी लिहिलेले हजारभर तुकडे एकमेकांच्या खांद्यावर उभे. एकाला नवा करायला जावं, तर भलतेच दहा फुगून बसत. चूक दाखवणारा संदेश यायचा तोही तिने कधी न पाहिलेल्या फाइलकडे बोट दाखवायचा. शेवटी मॅनेजर मार्याताबाईंनी फर्मान काढलं: पडण्याआधी आपणच पाडायचा. रोज साडेदहाला ओत्सोने खिडकीवर 'एक मिनिट' अशी पाटी लावायची, वर येऊन खिडकी रिकामी असल्याचं सांगायचं, मग केर्तुने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा. उभा राहायला त्याला चाळीस सेकंदं लागत.

चाळीस सेकंदं दोघांना काहीच काम नसायचं. ओत्सो दाराला हात लावून उभा राहायचा, बसायचा कधीच नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यानेच खेळ काढला – रोज एकाने एक प्रश्न विचारायचा.

"लहानपणी कशाला घाबरायचीस?"

"सौनाच्या वाफेतल्या काळोखाला. तू?"

"तुझा प्रश्न उद्या."

"उद्यापर्यंत वाट बघू?"

"बघ की. मीही चोवीस तास बघतोच…"

असं म्हणून तो जिना उतरून गेला. केर्तु बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली; पडद्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

फेब्रुवारीत तिने त्याच्या वडिलांबद्दल विचारलं. ते गोठलेल्या समुद्रावरून चालत घरी येताना बर्फ फुटून बुडाले होते. एवढं चाळीस सेकंदांत मावत नाही. त्याने ते तीन दिवस सांगितलं. सर्व्हर उभा राहिला की थांबायचा, म्हणायचा, "उरलेलं उद्या." तिसऱ्या दिवशी सांगून संपलं तेव्हा तिने उठून त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही. त्या दिवसापासून ती त्याच्यावर प्रेम करत होती, आणि हे तिला स्वतःपासून लपवता येत नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी, दुसरंच काही शोधताना, तिला तो आजार सापडला. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी सर्व्हर एक कप मांडत होता, म्हणा ना, आणि गिऱ्हाईक गेल्यावर तो उचलायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. साडेदहापर्यंत सगळा ओटा कपांनी भरायचा. इलाज एका ओळीचा होता. तिने ती ओळ लिहिली, वाचली… आणि पुसून टाकली. हे दुरुस्त झालं तर ओत्सोने वर यायचं कशाला?

एकच दिवस, असं म्हणत मंगळवार गेला.

बुधवारी प्रश्न त्याचा होता. "समज, हे कायमचं दुरुस्त झालं. मग साडेदहाला तू काय करशील?"

ती काही बोलणार तोच पडद्यावर सर्व्हर उभा राहिल्याचा हिरवा दिवा लागला. "उत्तर उद्या," तो म्हणाला.

गुरुवारी साडेदहाला तो आला, पण खाली फोन वाजला आणि सर्व्हर उभा राहायच्या आतच त्याला पळावं लागलं. दुपारी तो पुन्हा वर आला. चेहरा उतरलेला.

"आत्ता अल्लीआजींचा फोन होता, बेटावरच्या. आजोबांचं आज दोनला इथल्या दवाखान्यात हृदयाचं ऑपरेशन. आजींना लांब चालवत नाही, शेजारी त्यांना गाडीने आणणार होता. अकराच्या बोटीत गाडीची एकच जागा उरलेली, आजींनी बटण दाबलं – बरोबर साडेदहाला. पडदा कोरा. त्यांना वाटलं झालं. तेवढ्यात ती जागा दुसऱ्याला गेली. पुढची बोट साडेतीनला. ऑपरेशनआधी नवऱ्याचा हात धरायचा होता, केर्तु, एवढंच."

"आजोबा कसे आहेत?"

"आत नेलंय. आपलं नशीब म्हणायचं, दुसरं काय! हा सर्व्हर…"

"ओत्सो, नशीब नाही." ती खुर्चीतून उठली. "मला सोमवारीच सापडलं होतं."

"काय?"

"बिघाड. एका ओळीचा. मी दुरुस्त नाही केला… केला असता तर तू वर आला नसतास."

त्याने दारावरचा हात काढला. मग हळूच म्हणाला, "ती बाई अजून बेटाच्या धक्क्यावर उभी आहे." आणि निघून गेला.

तिने ती ओळ तेव्हाच घातली. बदलाच्या नोंदीत लिहिलं: 'सोमवारी सापडला, गुरुवारी दुरुस्त केला. उशीर माझा.' मार्याताबाईंनी वाचून चष्मा काढला. "हे असं लिहायलाच हवं होतं?"

"हो."

"बरं. आता खाली जाऊन वाटाण्याचं सूप खा. पांढरीफटक पडली आहेस."

शनिवारी ती बोटीने बेटावर गेली. आजोबा वाचले होते, पण अल्लीआजींना तिने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. आजींनी ऐकून घेतलं. "राग आलाय मला," त्या म्हणाल्या, आणि तरी कॉफी ओतली. दुसरा कप ओतताना विचारलं, "आणि त्या पोराला सांगितलंस का?"

"बिघाडाचं? सांगितलं."

"बिघाडाचं नाही गं."

केर्तुला तिथेच रडू फुटलं.

सर्व्हर आता पडत नव्हता. रोज साडेदहा वाजत आणि काहीच होत नसे. जिन्याखाली ओत्सो भेटला तर मान हलवायचा, बस्स. आयुष्यात पहिल्यांदा तिचं काम इतकं चोख झालं होतं आणि तिला त्या पडद्याकडे बघवत नव्हतं.

अकराव्या दिवशी, सोमवारी, जिन्यावर पावलं वाजली. तो नेहमीसारखा दाराला हात लावून उभा राहिला.

"खिडकी रिकामी," तो सवयीने म्हणाला.

"आता थांबवायचं नाही काही. अकरा दिवस चालू आहे."

"माहीत आहे. मीही मोजतोय." त्याने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अल्लीआजींचा फोन आला होता. तू गेली होतीस म्हणे… मी अजून रागावलोय, केर्तु."

"रागाव."

"पण माझं एक उत्तर राहिलंय तुझ्याकडे. बुधवारचं. साडेदहाला काय करशील?"

"वाट बघेन," ती म्हणाली. "अकरा दिवस तेच करतेय. तुझ्यावर प्रेम आहे म्हणून करतेय. हेच त्या सोमवारी सांगायला हवं होतं, आणि ती ओळ घालायला हवी होती. दोन्ही."

खिडकीच्या काचेवर पाऊस वाजत होता. खालून कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारली.

"जा," ती म्हणाली. "एका मिनिटाची पाटी लावली असशील."

"'एक' खोडून 'पंधरा' केलंय."

"लोक ओरडतील."

"ओरडू देत," ओत्सो म्हणाला. त्याने दार लावलं, ओला कोट काढला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.